शिकण्याचे स्वातंत्र्य आणि विद्यार्थ्याचा प्रश्न

(व्याख्यान)



देवस्थानच्या सभामंडपात शिक्षणाचा विचार व्हावा, यात अनुचित असे काहीच नाही. पोर्तुगीज अमदानीत गोमंतकात ज्या मराठी शाळा चालल्या, त्यांतील अनेक शाळा देवळांच्या आणि गावकऱ्यांच्या आश्रयाने चालल्या. अग्रशाळेच्या पडवीत धुळाक्षरे गिरवून कित्येकांच्या विद्येचा प्रारंभ झाला. ज्या परंपरेने अक्षरओळखीला आश्रय दिला, तिने उच्च शिक्षणाच्या आजच्या अवस्थेकडेही डोळसपणे पाहावे, हे तिच्या स्वभावाला धरूनच होईल.

महाविद्यालयीन विद्यार्थ्याला स्वतःच्या अध्ययनात अधिक स्वातंत्र्य द्यावे काय, द्यावयाचे तर ते कोणते, आणि ते पेलण्याची सिद्धता कोणी करून द्यावी, हा आजचा विषय आहे. घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने १९८९ पासून १८ वर्षांच्या नागरिकाला मताधिकार मिळाला. राज्याचा कारभार कोणाच्या हाती असावा हे ठरविण्याइतका विवेक या वयात असतो, असे राष्ट्राने मान्य केले. परंतु तोच तरुण महाविद्यालयाच्या वर्गात येऊन बसला, की काय वाचावे, कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधावे आणि ते किती पानांत लिहावे, यांपैकी एकही गोष्ट त्याच्या विचाराने ठरत नाही. मंत्रिमंडळ निवडण्यास जो पात्र, तो निबंधाचा विषय निवडण्यास अपात्र, ही विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही; कारण ती फार जुनी आहे आणि जुन्या गोष्टी डोळ्यांना खुपेनाशा होतात.

परीक्षेच्या चौकटीचा जन्म

ही चौकट कोठून आली, हे प्रथम पाहणे इष्ट होईल. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी तीन विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. विद्यापीठाने अभ्यासक्रम आखावा, परीक्षा घ्यावी व पदवी द्यावी. शिकविण्याचे काम संलग्न महाविद्यालयांनी करावे, अशी ही वाटणी होती. तिच्यातील गुण नाकारता येणार नाही. परीक्षक अपरिचित असल्याने पक्षपाताला वाव कमी राहिला आणि आडगावच्या गरीब मुलालाही शहरातील श्रीमंताच्या मुलाच्या बरोबरीने एकाच मापाने मोजले गेले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे पुरुष या व्यवस्थेतूनच वर आले.

मात्र या वाटणीने एक गोष्ट कायमची बिघडविली. शिकविणारा आणि परीक्षा घेणारा वेगळे झाल्यामुळे, न दिसणारा परीक्षक काय विचारील याचा अंदाज बांधणे हेच वर्गातील मुख्य काम होऊन बसले. विद्यार्थ्याने स्वतः विचारलेला प्रश्न त्या कामात अडथळा ठरू लागला. 'हे परीक्षेला आहे काय?' हा एकच प्रश्न तेवढा सर्वमान्य राहिला आणि त्याचे उत्तर नकारार्थी आले, की पुढील जिज्ञासा आपोआप संपू लागली.

गोमंतकात महाविद्यालयीन शिक्षणाची सोय फार उशिरा झाली. १९६१ मध्ये मुक्ती मिळेपर्यंत कला वा विज्ञान शाखेच्या पदवीसाठी येथील तरुणाला बेळगाव, धारवाड, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. १९६२ साली पणजी आणि मडगाव येथे महाविद्यालये निघाली, ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाली आणि १९८५ मध्ये गोवा विद्यापीठाची स्थापना झाली. घरचे जेवून पदवीपर्यंत शिकता येऊ लागले, हे एका पिढीच्या दृष्टीने केवढे मोठे सुख होते, ते त्या पिढीतील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. परंतु महाविद्यालयाबरोबर १८५७ ची ती चौकटही घरी आली. दाराशी आलेल्या विद्येचे स्वागत करण्याच्या आनंदात ती विद्या कोणत्या साच्यातून येत आहे याची चौकशी झाली नाही, हे स्वाभाविकच होते. ती चौकशी करण्याइतके स्थैर्य आज आलेले आहे.

संस्थेची स्वायत्तता आणि विद्यार्थ्याची

चौकट सैल करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ च्या अहवालात निवडक महाविद्यालयांना स्वायत्तता देण्याची शिफारस केली. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले जे. पी. नाईक हे त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९७८ मध्ये तमिळनाडूतील काही महाविद्यालयांपासून या प्रयोगास प्रारंभ झाला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याचा पुरस्कार केला. गोव्यातीलही काही महाविद्यालये आज स्वायत्त आहेत.

या स्वायत्ततेमुळे महाविद्यालयाला स्वतःचा अभ्यासक्रम आखता येतो आणि स्वतःची परीक्षा घेता येते. अध्यापकांच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे. परंतु विद्यापीठाच्या मंडळाऐवजी महाविद्यालयाच्या मंडळाने अभ्यासक्रम ठरविला, तर शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याच्या स्थितीत कोणता फरक पडतो? त्याच्यापर्यंत येणारी आज्ञा पूर्वी दूरच्या गावाहून येई, आता शेजारच्या खोलीतून येते, एवढाच. अधिकार वरून खाली सरकला आणि अध्यापकांच्या खोलीपाशी येऊन थांबला. उंबरठ्याचे शेवटचे पाऊल अद्याप पडावयाचे आहे.

२०२० साली नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्ससाठी १६०. मुख्य विषय, दुय्यम विषय, बहुविद्याशाखीय विषय, कौशल्याचे विषय. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, अशी त्याची रचना आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने संगीत शिकावे, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने पर्यावरणाचा अभ्यास करावा, यास आता नियमाची आडकाठी नाही. ही गोष्ट स्वागतार्ह आहे, यात संशय नाही.

तथापि पर्याय आणि स्वातंत्र्य या दोन गोष्टी भिन्न आहेत. खानावळीतील फळ्यावर दहा पदार्थांची नावे लिहिलेली असली, म्हणून जेवणाऱ्याला स्वयंपाक येतो असे होत नाही. दहा विषयांतून एक निवडल्यावर त्या विषयाच्या आत पुन्हा तीच टिपणे, तीच मार्गदर्शके आणि तीच पाठांतराची रीत असेल, तर निवड केवळ नावाची राहते. शिवाय निवड ही प्रत्यक्षात कशावर अवलंबून असते, हेही पाहिले पाहिजे. सत्तरी किंवा काणकोण तालुक्याच्या आतील गावातून सकाळच्या पहिल्या बसने निघणारी विद्यार्थिनी परतीची बस कोणत्या वेळी आहे हे पाहूनच विषय घेते. दुपारनंतर भरणारा वर्ग तिच्यासाठी नसल्यातच जमा असतो. कागदावर दिलेले स्वातंत्र्य वेळापत्रकाच्या रकान्यात असे हरवून जाते.

याच आराखड्यातील आणखी एक तरतूद विचार करावयास लावणारी आहे. विद्यार्थ्याने स्वतः करावयाच्या संशोधन प्रकल्पाला १२ श्रेयांक ठेवलेले आहेत. परंतु ते चौथ्या वर्षी, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्यांसाठी. याचा अर्थ असा, की जो तीन वर्षे दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरे उत्तम देईल, त्यालाच स्वतःचा प्रश्न विचारण्याची परवानगी मिळेल. पोहणे शिकण्यासाठी पाण्यात उतरावे लागते. काठावरच्या कवायतीत पहिला आला त्यालाच तळ्यात सोडण्याची रीत कोणत्याही खारव्याला विचित्र वाटेल. बहुसंख्य विद्यार्थी तिसऱ्या वर्षानंतर पोटापाण्याच्या मार्गाला लागणार. त्यांच्या वाट्याला आयुष्यात एकही स्वतःचा प्रश्न येऊ नये काय? येथे या विषयाचे मर्म आहे. अध्ययनातील स्वातंत्र्याचा आरंभ विषयांच्या यादीतून होत नाही; विद्यार्थ्याच्या स्वतःच्या प्रश्नातून होतो.

साखवाळचा विद्यार्थी

असा प्रश्न माणसाला कोठवर नेतो, याचे उदाहरण गोमंतकाला बाहेर शोधावयास नको. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण बेताचे, महाविद्यालयाचे तर तोंडही पाहिलेले नाही, घरी शेतीवाडीचे व्याप. 'बालबोध' मासिकात बुद्धचरित्रावरील लेख त्यांच्या वाचनात आला आणि बुद्धाचा धर्म मुळापासून समजून घ्यावा, या एकाच इच्छेने त्यांना पछाडले. १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुण्यात डॉ. भांडारकरांची भेट, पुढे ग्वाल्हेर आणि काशी, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृताचे अध्ययन, तेथून नेपाळ, आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीप, जेथे सुमंगलाचार्यांच्या विद्योदय विद्यालयात त्यांना पालीचे दार उघडले. हा सारा प्रवास त्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'निवेदन' या आत्मचरित्रात विलक्षण साधेपणाने सांगितला आहे. महाविद्यालयाची पायरी न चढलेला हा गृहस्थ पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचा अध्यापक झाला आणि 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाने त्याला १९१० साली पाचारण केले.

या चरित्रावरून दोन चुकीचे निष्कर्ष काढले जातात. पहिला असा, की खऱ्या जिज्ञासूला शाळा-महाविद्यालयाची जरुरीच नसते. परंतु धर्मानंद एकटे शिकले नाहीत. मुक्काम बदलला तसा त्यांनी नवा गुरू शोधला, त्याची शिस्त पत्करली, संस्कृत व्याकरणासारख्या रूक्ष विषयाचे कष्ट उपसले. प्रश्न त्यांचा होता. वाट मात्र त्यांनी जाणत्यांना विचारून चालली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपयांचे साहाय्य दिले, तेव्हाच त्यांना लेखनासाठी स्थैर्य लाभले. म्हणजे स्वतंत्र अध्येत्यालाही गुरू लागतो आणि आश्रयदाताही लागतो.

दुसरा चुकीचा निष्कर्ष असा, की जिज्ञासेसाठी एवढी किंमत मोजावीच लागते. घर सोडताना धर्मानंदांच्या मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्या माउलीने ती वर्षे कशी काढली असतील, याचा विचार त्यांच्या यशाचे गोडवे गाताना सहसा होत नाही. स्वतःच्या प्रश्नामागे जाण्यासाठी घरदार आणि देश सोडावा लागावा, ही समाजाच्या अभिमानाची बाब नव्हे. महाविद्यालये ही अशासाठीच असतात, की ही किंमत कमी व्हावी. ती कमी करताना प्रश्नच काढून घेतला, तर मात्र संस्थेचा हेतू फसला असे म्हणावे लागेल.

हार्वर्डचा धडा

स्वातंत्र्य दिले म्हणजे काम संपले असेही नाही. ज्या हार्वर्डने धर्मानंदांना बोलाविले, त्याच विद्यापीठाचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. चार्ल्स एलियट हे १८६९ ते १९०९ अशी ४० वर्षे त्याचे अध्यक्ष होते. त्यांनी सक्तीचे विषय एकेक करून काढून टाकले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाखेरीज जवळजवळ सर्व विषय विद्यार्थ्याच्या मर्जीवर सोपविले. या मोकळिकीतून अनेक नव्या विषयांना जागा मिळाली, अध्यापकांनाही आपापल्या विद्येत खोल जाता आले. परंतु पुढे खुद्द तेथील अध्यापकांच्या समितीलाच असे आढळले, की विद्यार्थ्यांचा अभ्यास अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी पडतो. सोपे आणि प्राथमिक विषय गोळा करून पदवी पदरात पाडून घेणारेही थोडे नव्हते.

एलियटनंतर आलेल्या लॉवेल यांनी जुनी सक्ती परत आणली नाही. एकूण १६ पाठ्यक्रमांपैकी किमान ६ एका क्षेत्रात असावेत आणि उरलेल्यांतील काही निरनिराळ्या क्षेत्रांत विभागलेले असावेत, एवढी चौकट त्यांनी घातली. त्याबरोबर विद्यार्थ्याशी समोरासमोर बसून बोलणारा मार्गदर्शक दिला; आणि १९२७ पासून परीक्षेपूर्वीचे काही आठवडे तासिका बंद ठेवून विद्यार्थ्याने स्वतः वाचन करावे, अशी प्रथा पाडली. थोडी चौकट, जवळचा मार्गदर्शक आणि मोकळा वेळ, या तीन गोष्टी एकत्र आल्यावरच स्वातंत्र्याला आकार आला.

योगायोग असा, की याच काळात धर्मानंदांचे पुत्र दामोदर तेथे शिकत होते. त्यांचा जन्म १९०७ साली गोव्यातच झाला होता. थोर गणितज्ञ बर्कहॉफ यांची इच्छा त्यांनी केवळ गणितावरच लक्ष केंद्रित करावे अशी होती. परंतु या विद्यार्थ्याने नाना विषयांचे पाठ्यक्रम घेतले आणि १९२९ साली सर्वोच्च सन्मानासह पदवी मिळविली. त्या तथाकथित भरकटण्याचे फळ पुढे भारताला मिळाले. प्राचीन आहत नाणी चलनात फिरताना झिजतात आणि ती झीज मोजून त्यांचा कालक्रम लावता येतो, हा विचार गणित आणि इतिहास या दोहोंत वावरलेल्या माणसालाच सुचू शकला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये आणि भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा देणारा ग्रंथ १९५६ मध्ये देणारा हा पंडित व्यवसायाने गणिताचा प्राध्यापक होता. गुरूंचा सल्ला ऐकून घेऊनही तो न मानण्याची मुभा त्याला होती, ही गोष्ट लहान नव्हे.

प्राचीन दाखला

ही मुभा पाश्चात्त्यांकडून उसनी घ्यावी लागते असेही समजण्याचे कारण नाही. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू हाती समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातात. ऋषी त्यांना लगेच उपदेश करीत नाहीत. आणखी एक वर्ष तपाने, ब्रह्मचर्याने आणि श्रद्धेने येथे राहा, मग हवे ते प्रश्न विचारा आणि ठाऊक असेल तर सर्व सांगू, असे ते म्हणतात. वर्षानंतर सहा जण सहा वेगळे प्रश्न विचारतात आणि उपनिषद त्या सहा प्रश्नांवर उभे राहते. या कथेत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. प्रश्न शिष्याचे आहेत. ते विचारण्यापूर्वी एका वर्षाची तयारी आहे. आणि गुरूने 'ठाऊक असेल तर' ही अट स्वतःला घालून घेतली आहे. आजच्या महाविद्यालयात पहिली गोष्ट नाही, दुसरीची जागा हजेरीच्या टक्केवारीने घेतली आहे, आणि 'हे ठाऊक नाही, पण मिळून शोधू' असे अध्यापकाने वर्गात म्हणणे हे तर कमीपणाचे मानले जाते.

आक्षेपांचा विचार

या विचारावर आक्षेप घेतले जातात आणि ते पोकळ नाहीत. विद्यार्थी अपक्व असतो, स्वातंत्र्याचा दुरुपयोग करील, असा पहिला आक्षेप. अपक्वता खरी आहे. परंतु निर्णय घेण्याची शक्ती निर्णय घेतल्यानेच वाढते. विशीपर्यंत जपून ठेवलेले अपत्य एकविसाव्या वर्षी एकाएकी शहाणे होत नाही. म्हणून स्वातंत्र्य टप्प्याटप्प्याने वाढत जावे, हे त्याचे उत्तर.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, आईवडील शिकलेले आहेत, त्यालाच मोकळिकीचा लाभ होईल. ज्याच्या घरात तो पहिलाच महाविद्यालयात गेला, त्याला ठरीव अभ्यासक्रम आणि ठरीव टिपणे हाच आधार असतो. या आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच मार्गदर्शनाविना दिलेले स्वातंत्र्य हा दुर्बळावरील अन्याय ठरेल. मात्र याच विद्यार्थ्याजवळ एक धन असते, ते विसरता कामा नये. मासेमारी, कुळागर, मिठागर, कुंभाराचे चाक यांचे जे ज्ञान त्याच्या घरात आहे, ते पुस्तकी घरात नाही. ठरीव टिपणांत त्या धनाला किंमत नाही. स्वतःच्या प्रश्नात मात्र ते भांडवल ठरू शकते.

तिसरा आक्षेप गुणांच्या न्यायाविषयी आहे. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असेल, तर समान मापाने मोजायचे कसे, आणि दुसऱ्याकडून लिहून आणलेले ओळखायचे कसे? २०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आल्यावर ही अडचण दुप्पट झाली आहे. परंतु नीट पाहिले, तर या साधनांनी ठरीव प्रश्नांच्या परीक्षेचा पायाच अधिक खिळखिळा केला आहे. ठरीव प्रश्नाचे सुबक उत्तर यंत्र क्षणात देते. आपल्या गावच्या बांधावर पंधरा दिवस उभे राहून केलेली नोंद मात्र यंत्र आणून देऊ शकत नाही; आणि विद्यार्थ्याला समोर बसवून दहा मिनिटे प्रश्न विचारले, की काम कोणाचे, हे अनुभवी अध्यापकाच्या सहज ध्यानात येते.

प्रत्यक्षात काय करता येईल

एखादे महाविद्यालय उद्या काय करू शकेल, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या वर्षी प्रत्येक सत्रात एका विषयातील एक लहान प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः मांडावा आणि दोन पानांत त्याचा शोध लिहावा. येथे उत्तरापेक्षा प्रश्न कसा सुधारत गेला याला गुण असावेत. दुसऱ्या वर्षी चार-पाच जणांनी मिळून एक विषय सत्रभर हाताळावा. तिसऱ्या वर्षी प्रत्येकाला, टक्केवारीची अट न घालता, एक स्वतंत्र प्रकल्प असावा. त्याची नोंदवही ठेवावी आणि शेवटी तोंडी परीक्षा व्हावी. यासाठी आठवड्यातील एक सकाळ वेळापत्रकात मोकळी ठेवावी. सकाळच ठेवावी, म्हणजे परतीच्या बसचा प्रश्न उरणार नाही. हाती घेतलेला प्रश्न सुटला नाही, तरी शोध प्रामाणिक असल्यास विद्यार्थी उत्तीर्ण व्हावा. अपयशाची भीती असेल तेथे कोणी खरा प्रश्न विचारीत नाही.

उदाहरणादाखल खाजन शेतीचा विचार करावा. खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली ही शेते, भरती-ओहोटीबरोबर उघडणारी आणि मिटणारी मानस, खारेपणा सोसणारे कोरगुट भात आणि या साऱ्याची व्यवस्था पाहणारी गावकरी संस्था, हे एक मोठे जिवंत ग्रंथालय आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने तेथील पाण्याची क्षारता मोजावी; अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने बांधाच्या दुरुस्तीचा खर्च पूर्वी कोण करी आणि आज कोण करतो हे शोधावे; मराठीच्या विद्यार्थ्याने त्या शेतीतील शब्द गोळा करावेत. बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले, तर भात जातेच, त्याबरोबर ते शब्दही जातात. या अभ्यासाला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो एक प्रश्न, एक वही, आणि संध्याकाळी ती वही वाचणारा अध्यापक.

या शेवटच्या गोष्टीवर सारे अवलंबून आहे. १०० विद्यार्थ्यांच्या वर्गावर एक अध्यापक असेल आणि त्याचा निम्मा वेळ अहवाल भरण्यात जात असेल, तर १०० वह्या कोण वाचणार? विद्यार्थ्याच्या स्वातंत्र्याने अध्यापकाचे काम घटत नाही. ते वाढते आणि अधिक कठीण होते. व्याख्यान दरवर्षी तेच देता येते. प्रश्न दरवर्षी नवे येतात. म्हणून विद्यार्थ्याला स्वातंत्र्य देऊ इच्छिणाऱ्या शासनाने आणि संस्थाचालकांनी आधी अध्यापकांच्या रिक्त जागा भराव्यात आणि त्यांच्या डोक्यावरील कागदांचा भार उतरवावा. हे न करता केलेली स्वातंत्र्याची घोषणा म्हणजे विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडणे होय.

महाजनांचा वाटा

शेवटी एक विनंती महाजन बांधवांना. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून प्रियोळला, केळशीहून कवळ्याला, वेर्णेहून म्हार्दोळला देवतांचे जे स्थलांतर झाले, त्याचा आणि त्यानंतरच्या व्यवस्थेचा इतिहास केवळ छापील पुस्तकांत नाही. मोडी कागदपत्रे, पोर्तुगीज भाषेतील नियमावल्या, जमाखर्चाच्या चोपड्या यांतून तो देवस्थानांच्या कपाटांत पडून आहे. तो वाचू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ही कपाटे योग्य देखरेखीखाली विद्यार्थ्यांना उघडी करून द्यावीत. मोडी आणि पोर्तुगीज वाचता येणाऱ्या ज्येष्ठांनी आठवड्यातून एक तास त्यांना द्यावा. शिष्यवृत्ती देताना टक्केवारीबरोबर एखाद्या विद्यार्थ्याने मांडलेल्या चांगल्या प्रश्नालाही पारितोषिक असावे. त्याच्या बसभाड्याची, वहीची आणि दुपारच्या जेवणाची सोय झाली, तर ते ५० रुपये सयाजीरावांच्या ५० रुपयांइतकेच कारणी लागतील.

आईबापांनीही एक पथ्य पाळावे. संध्याकाळी घरी आलेल्या मुलाला वा मुलीला आज काय शिकविले, किती गुण पडले, असे विचारण्याची रीत आहे. त्याऐवजी, आज तू काय विचारलेस, असे कधी विचारून पाहावे. प्रारंभी उत्तर येणार नाही. काही दिवसांनी येईल; आणि ज्या घरात ते येऊ लागेल, त्या घरातील मूल महाविद्यालयाने मोकळीक देईपर्यंत थांबून राहणार नाही.